चिठ्ठी घेऊन येणारी मुलं

माझ्याकडे मुलं दोन तऱ्हेनं येतात. काही चिठ्ठी घेऊन, काही चिठ्ठीशिवाय.

चिठ्ठी वर्गशिक्षकांची असते. वहीच्या मागच्या पानाचा फाडलेला तुकडा आणि त्यावर लाल पेनानं एक ओळ. ‘लक्ष नाही.’ ‘उलट बोलतो.’ ‘गृहपाठ शून्य, पालक येत नाहीत.’ एका चिठ्ठीवर नुसतंच ‘बघा’ होतं. ती आणणाऱ्यानं वाटेत उघडून वाचली होती. खोलीत शिरताशिरता त्यानं विचारलं, “बाई, काय बघणार?”

मी शाळेत समुपदेशक आहे. अकरा वर्षं झाली. लोकलच्या नकाशावर पार टोकाला असलेल्या एका गावातली अनुदानित शाळा, सकाळ-दुपार दोन सत्रं, मिळून चौदाशेच्या आसपास पोरं. संस्थेची दुसरी शाळा रिक्षानं वीस मिनिटांवर. तीन दिवस इथे, दोन दिवस तिथे. संचमान्यतेच्या, म्हणजे सरकार शाळेला पदं मंजूर करून देतं त्या तक्त्यात माझ्या पदाला रकाना नाही, त्यामुळे माझा पगार संस्था स्वतःच्या खिशातून देते आणि तशी आठवणही अधूनमधून करून देते. खोली जिन्याखालची. पूर्वी तिथे नकाशांच्या गुंडाळ्या, स्काउटच्या काठ्या आणि लेझिमी असायच्या. नकाशे गेले, काठ्या गेल्या. लेझिमी अजून आहेत, माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यांना टांगलेल्या. वरून एखादा वर्ग धावत उतरला की सगळ्या एकदम खुळखुळतात. समोरचं मूल रडत असलं तरी दचकतं आणि मग हसतं. अशा वेळी मी काही बोलत नाही, लेझिमींनाच बोलू देते.

पोरं मला ‘डोक्याच्या बाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्याखाली सगळं ऐकू येतं. आणि वर्गात कोणी फार मस्ती केली की एखाद्या सरांच्या तोंडून निघतंच, “गप्प बसतोस का डोक्याच्या बाईंकडे पाठवू?” पूर्वी हेच वाक्य मुख्याध्यापकांच्या नावानं म्हणत. त्या दृष्टीनं ही बढतीच म्हणायची.

पहिली दोन वर्षं कोणी शिक्षक रजेवर गेले की ऑफ तासाला मला धाडायचे. “तुम्हाला तास नाहीत ना,” पर्यवेक्षिका म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. साठ पोरांना गप्प ठेवायचं म्हणजे आवाज चढवावा लागतो. सकाळी ज्या पोरावर मी ओरडले, ते मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून घरातलं काही सांगेल, ही अपेक्षाच वेडेपणाची. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, आणि ऑफ तास बंद करून घ्यायला आणखी एक.

इथे ज्या मुलांबद्दल लिहिते आहे त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. काही ठिकाणी दोन मुलांचं एक केलं आहे. काही गोष्टी मुळीच लिहिलेल्या नाहीत.

तर सातवीतला एक मुलगा. चिठ्ठीवर ‘पहिल्या दोन तासांना झोपतो.’ मी ठरलेले प्रश्न विचारले. मोबाइल बघतोस का, टीव्ही किती वेळ, अभ्यास रात्रीचा करतोस का. सगळ्याला नाही. “मग झोपतोस किती वाजता?” “दहाला.” “मग झोप होत नाही?” “उठावं लागतं.” यापुढे तो काही बोलला नाही, आणि मी वहीत ‘मोबाइलची शक्यता’ असं लिहून मोकळी झाले. ते पान अजून आहे माझ्याकडे. स्वतःला फार हुशार वाटायला लागलं की मी ते काढून बघते.

तिसऱ्या खेपेला कळलं. घरात आजी होती. रात्री दीड-दोनला उठून ‘मला घरी जायचंय’ म्हणत दार उघडून निघायची. एकदा स्टेशनच्या पुलापर्यंत गेलेली. वडील रात्रपाळीला, आई दिवसभर चार घरची कामं करून आलेली, तिला आवाजानंही जाग येत नसे. म्हणून दाराला पाठ लावून झोपायचं काम याच्याकडे. “मला ओलांडल्याशिवाय तिला जाता येत नाही,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा ऐट होती. घरातली एक जबाबदारी पूर्ण त्याची होती.

मानसशास्त्राच्या पुस्तकातलं यात मी काय केलं? जवळजवळ काही नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आईला वाटत होतं की म्हातारपणी सगळ्यांचंच असं होतं. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते कागदावर लिहून दिलं. तिथे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. वर्गशिक्षकांना सांगितलं की महिनाभर पहिल्या तासाला त्याला मागच्या बाकावर राहू द्या. आणि निघताना खिळ्यावरची एक लेझीम काढून त्याच्या दप्तरात घातली. दाराच्या कडीला टांग म्हटलं. दार हललं की आई उठेल.

दोन आठवड्यांनी त्याच सरांची दुसरी चिठ्ठी आली: ‘आता झोपत नाही. फार बडबड करतो. बघा.’

लोक विचारतात, तुम्ही नक्की करता काय? गोळ्या देता का? गोळ्या देणारे मानसोपचारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात. निदान आणि उपचार करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे, त्यांची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे असते. मी मानसशास्त्रात एम. ए., वर समुपदेशनाची पदविका. अमेरिकेत शाळेसाठीच तयार झालेला मानसशास्त्रज्ञ असतो आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा आग्रह असा, की दर पाचशे मुलांमागे तो एक असावा. समुपदेशक त्याहून वेगळा, तो अडीचशे मुलांमागे एक. आपल्याकडे हे सगळं एकाच खुर्चीत बसवलेलं असतं. आणि ती खुर्ची दोन दिवस दुसऱ्या शाळेत असते.

या कामाची सुरुवात मात्र माझ्या फार जवळची वाटते. १८९६ साली फिलाडेल्फियात लाइटनर विट्मर नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडे एक शिक्षिका चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोरगा इतर बाबतीत ठीक, पण स्पेलिंग म्हणून येत नव्हतं. ही बाई स्वतःच मानसशास्त्र शिकत होती आणि तिचं म्हणणं साधं होतं, तुमच्या या शास्त्राचा माझ्या या मुलाला काही उपयोग आहे की नाही? विट्मरनं त्याच वर्षी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय काढलं, आणि जगातलं ते पहिलं मानतात. म्हणजे या व्यवसायाच्या मुळाशीही एका शिक्षिकेची चिठ्ठीच आहे. फक्त ती मुलाच्या हातात देऊन पाठवली नव्हती, बाई स्वतः बरोबर आली होती. हा फरक मी स्टाफरूममध्ये निदान पन्नासदा सांगितला असेल.

आमचा स्पेलिंगवाला मुलगा आठवीतला होता. तोंडी विचारलं तर शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा प्रसंग पेटाऱ्यासकट सांगेल. पण वाचायला लावला की जोडाक्षराशी येऊन उभा राहायचा, वाटेत भिंत आल्यासारखा. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्यानं एकाच पानावर पाच तऱ्हांनी लिहिला होता. प्रगतिपुस्तकात शेरा ‘आळशी, प्रयत्न करत नाही.’ मला तर इतके प्रयत्न करणारा मुलगा वर्गात दुसरा दिसत नव्हता.

बुद्ध्यंकासाठी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून बिने-कामत चाचणी वापरतात. बिने पॅरिसचा मानसशास्त्रज्ञ. शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे ओळखता यावं म्हणून त्यानं १९०५ साली पहिली चाचणी केली. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. हे नाव आमच्या अभ्यासक्रमात एका ओळीत उरकतात. मला मात्र त्या माणसाचं फार कौतुक वाटतं. परदेशातून आलेले प्रश्न आपल्या पोरांना जसेच्या तसे विचारून चालणार नाही, हे त्यांना इतक्या आधी कळलं होतं.

मुलाची बुद्धी चांगलीच होती. अडचण वाचन-लेखनाची होती, अध्ययन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. पण ते मिळवायला सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीमागे आईवडिलांचा एक खाडा. आईला तर लेखनिक म्हणजे फक्त आंधळ्या मुलांना देतात तो, एवढंच माहीत होतं. वडील गवंडी. “माझ्या पोराला असला शिक्का नको,” म्हणून ते उठून गेले. सात महिने. सात महिन्यांत मी त्यांना किती वेळा फोन केला असेल, मोजलं नाही. शेवटी एका शनिवारी ते आपणहून आले, हाताला सिमेंट तसंच. म्हणाले, “मलापण असंच व्हायचं मॅडम. अक्षरं हलायची. मास्तर मला दगड म्हणायचे. मग दगडाचंच काम धरलं.” आणि हसले. फॉर्मवर सही करताना त्यांनी आपलं नाव लिहायला जो वेळ घेतला, तेवढ्यात मला त्यांच्या मुलाचं सगळं निदान कळलं असतं. ही अडचण पुष्कळदा घराण्यातून येते, हे मी शिकले होते. पाहिलं त्या दिवशी.

त्या सात महिन्यांत मुलाबरोबर माझे तास झाले असतील पंधरा-सोळा. बाकी सगळं काम मोठ्या माणसांबरोबर. मुलाची समस्या म्हणून जे माझ्या टेबलावर येतं, त्यातलं निम्मं तरी आजूबाजूच्या मोठ्यांचं असतं आणि मुलं ते फक्त दप्तरातून घेऊन येतात. पण आईवडिलांना किंवा सरांना चिठ्ठी देऊन माझ्याकडे कोण पाठवणार?

आता चिठ्ठीशिवाय येणाऱ्यांबद्दल.

नववीतली एक मुलगी स्टेपलर मागायला आली. दुसऱ्या दिवशी परत, पुन्हा स्टेपलर. मग फूटपट्टी. मग सेलोटेप. तीन आठवडे हे चाललं. मी काही विचारलं नाही. तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, अगदी गुणी मुलगी आहे, कसलाच त्रास नाही. गुणी मुलींच्या नावानं कधी चिठ्ठी येत नाही. माझ्या कामातली सगळ्यांत मोठी भीती ही आहे. बाकं वाजवणारा, उलट बोलणारा पोरगा निदान कोणाच्या तरी डोळ्यांवर येतो. जी पोर गप्प बसून सुवाच्य अक्षरात गृहपाठ लिहिते, तिच्याकडे बघायला कोणाला फुरसत असते?

चौथ्या आठवड्यात तिनं स्टेपलर हातात धरून विचारलं, “बाई, काही सांगितलं तर कोणाला सांगणार नाही ना?”

इथे ‘नाही गं, कोणालाच नाही’ म्हणणं फार सोपं असतं. नवीन असताना मी म्हटलंय ते, आणि एकदा ते मोडावंही लागलंय. आता मी तिला खरं ते सांगितलं. तुझं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, किंवा कोणी तुला नको तसा हात लावत असेल, तर मला सांगावंच लागेल. दुसऱ्या बाबतीत तर पोक्सो कायद्यानं मी बांधलेली आहे, कळवलं नाही तर तो माझाच गुन्हा. मात्र कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, हे आधी तुझ्याशी बोलून. तुझ्या पाठीमागे नाही.

तिनं स्टेपलर टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

आठ दिवस आली नाही. ते आठ दिवस मी रोज तिच्या वर्गावरून काहीतरी निमित्त काढून गेले. हजेरीपट बघितला, ती शाळेत होती. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत आली, दार लोटलं, बसली. तिनं काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. पुढे कोणाला सांगावं लागलं तेव्हा ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती, एवढं लिहिते. सध्या ती कॉलेजात आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. चौदावं वर्ष म्हणजे आपली आठवी-नववी. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. तेरा ते सतरा वयोगटात ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला. माझ्या शाळेत आठवी ते दहावी साडेपाचशे मुलं. त्रैराशिक मांडलं की चाळीस येतात. यादीत माझ्याकडे त्या वर्षी अकरा होती, बहुतेक चिठ्ठीवाली. उरलेली एकोणतीस कोण, या विचारानं मी परिपाठाला रांगांकडे बघत उभी राहते. प्रार्थना चालू असते, सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. काही कळत नाही.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. हा आकडा मी शाळेत कधी सांगत नाही. मुलांना घाबरवून काही होत नाही, आणि मोठ्यांना घाबरवलं की ते मुलांवर आणखी लक्ष ठेवायला लागतात. दारावर आतल्या बाजूनं मी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक चिकटवला आहे आणि त्याखाली चाइल्डलाइनचा १०९८. बाहेरून नाही, आतून. बाहेरच्या बाजूला लावला तर उभं राहून टिपून घ्यायला कोणाला धीर होणार?

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले, कायदा होईपर्यंत ते बंधनकारक. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून चहा दिला. अकरा वर्षांतला पहिला. “आता कोर्टानंच सांगितलंय,” ते म्हणाले, “तुमची एक फाइल करून ठेवा.”

फाइल केली. पण त्या पंधरांतला मला हवा होता तो निर्देश वेगळाच. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅचेस पाडू नका, चारचौघांत पाणउतारा करू नका, झेपणार नाहीत अशी उद्दिष्टं देऊ नका. रोख मुख्यतः कोचिंग क्लासेसवर, पण मला आमची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ दिसत होती. आपल्याकडे ज्यानं मराठी शाळेत दहा वर्षं काढली त्याला तुकडी म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. ‘अ’ तुकडीला गणिताचे चांगले सर. ‘ड’ तुकडीला जो उरेल तो. पन्नाशीचा माणूस लग्नाच्या मांडवात भेटला तरी दोन मिनिटांत बोलतो, “मी ‘क’मध्ये होतो.” माझ्याकडच्या चिठ्ठ्यांचा हिशेब मी एका वर्षी मांडला. दहा चिठ्ठ्यांतल्या सात ‘ड’मधून. जिन्याखाली बसून एकेका पोराला ‘तू कमी नाहीस’ म्हणायचं आणि त्याच जिन्यावरून त्याला परत ‘ड’ची पाटी लावलेल्या वर्गात पाठवायचं. मी एकाच नळाखाली बादली धरून बसले आहे, नळ बंद करायचा अधिकार माझा नाही.

चहा पिताना हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणाले, “पालकच ऐकत नाहीत हो. ‘अ’ तुकडी मोडली तर निम्मी पोरं समोरच्या शाळेत जातील. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. मग त्यांचं समुपदेशन कोण करणार?” विनोद म्हणून बोलले, पण तीन आठवड्यांनी ‘ड’ तुकडीवरचे एक सर खरंच माझ्याकडे आले. शाळा सुटल्यावर, शिपाई मामा कुलपं लावत असताना. स्टेपलर मागितला नाही, पण साधारण तसंच. खुर्चीच्या कडेवर बसून लेझिमींकडे बघत राहिले. म्हणाले, रात्री झोप लागत नाही, वर्गात पोरांवर हात उगारावासा वाटतो, मग स्वतःचीच भीती वाटते. ‘डोक्याच्या बाईंकडे पाठवू का’ म्हणणाऱ्यांतलेच हे एक. तासभर बसले. या वर्षी तुकड्या पाडताना ‘पाचवीपुरतं तरी चिठ्ठ्या टाकून वाटूया’ असा विषय शिक्षकसभेत त्यांनीच काढला. पाचवीत आता चारी वर्ग सरमिसळ आहेत. सहावीचं अजून ठरत नाहीये.

मार्चअखेर साठ्याची मोजणी असते. क्रीडाशिक्षक डेडस्टॉक रजिस्टर घेऊन माझ्या खोलीत आले आणि खिळ्यांवरच्या लेझिमी मोजू लागले. दोनदा मोजल्या. “बाई, चाळीस पाहिजेत. एकोणचाळीस भरतायत.”

तो मुलगा आता नववीत आहे. मी त्याला मैदानावरून बोलावून घेतलं आणि विचारलं. दम खात म्हणाला, “परत पाहिजे का बाई? पण लागते अजून.”

सरांकडून रजिस्टर घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘एक वापरात आहे’, आणि खाली सही केली.